शनिवार कॉलेजचा, रविवार कोटींचा

अमेरिकेत पानगळ सुरू झाली की आठवड्याचे वार खेळांमध्ये वाटले जातात. शुक्रवारची रात्र शाळेच्या फुटबॉलची, शनिवार कॉलेजच्या फुटबॉलचा आणि रविवार एनएफएल या व्यावसायिक लीगचा. फुटबॉल म्हणजे इथला, लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचा तो. ही वारांची वाटणी चक्क कायद्याने राखलेली आहे. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यात तशी तरतूद आहे: सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी रात्री आणि शनिवारी व्यावसायिक लीगने टीव्हीवर शाळा-कॉलेजांच्या सामन्यांना आडवं यायचं नाही.

मी इथे शिकायला आले, त्या पहिल्याच शनिवारी शेजारच्या आजी कॉलेजच्या रंगाचा स्वेटर घालून सकाळी आठ वाजता पार्किंगमध्ये शेगडी पेटवून बसल्या होत्या. सामना दुपारी होता! त्यांनी माझ्या डोक्यावर एक टोपी चढवली आणि मी कायमची या खेळांची झाले. तेव्हापासून गोळा केलेल्या या काही भन्नाट गोष्टी, आणि सोबत माझं रोखठोक मत.

पहिलीच शर्यत जाहिरातीची

अमेरिकेतल्या दोन कॉलेजांमधली पहिली स्पर्धा म्हणजे ३ ऑगस्ट १८५२ ची हार्वर्ड विरुद्ध येल ही होड्यांची शर्यत. न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावावर ती झाली आणि हार्वर्ड जिंकलं. मुलांच्या येण्या-जाण्याचा, राहण्या-खाण्याचा खर्च कुणी केला? एका रेल्वे कंपनीने. तलावाकडे जाणाऱ्या गाडीला प्रवासी मिळावेत म्हणून! त्यामुळे 'पूर्वी कॉलेजचा खेळ पैशापासून दूर होता' असं कुणी म्हणालं की मी त्यांना ही तारीख सांगते.

गावाएवढं मैदान

मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १,०७,६०१ आसनं आहेत. ते ज्या ॲन आर्बर गावात आहे, त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे जवळजवळ अख्खं गाव मैदानात मावेल. अमेरिकेत लाखावर आसनांची जी फुटबॉल मैदानं आहेत, ती सगळी कॉलेजांची आहेत. एनएफएलचं एकही मैदान त्यात नाही.

नेब्रास्कात तर सामन्याच्या दिवशी मैदान हेच राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं 'शहर' होतं. १९६२ पासून तिथल्या फुटबॉल सामन्यांची तिकिटं दर वेळी संपत आली आहेत. पण माझा आवडता आकडा दुसराच आहे: ९२,००३. ३० ऑगस्ट २०२३ ला याच मैदानात एवढी माणसं मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहायला आली. आपल्या गावोगावच्या मैदानात जाळी बांधून खेळला जातो, तोच व्हॉलीबॉल. 'मुलींचे खेळ कोण बघतं?' या प्रश्नाला हा आकडा पुरेसा आहे.

बारावा माणूस उभाच असतो

क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू पाणी घेऊन धावतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात बारावा माणूस म्हणजे प्रेक्षक. २ जानेवारी १९२२ च्या सामन्यात या संघाचे गडी एकामागून एक जखमी होऊ लागले. प्रशिक्षकांनी प्रेक्षकांतून किंग गिल या विद्यार्थ्याला खाली बोलावलं. त्याने गणवेश चढवला आणि सामना संपेपर्यंत तो सीमारेषेवर तयारीत उभा राहिला. खेळायची वेळ आलीच नाही. त्याच्या आठवणीसाठी तिथले विद्यार्थी आजही अख्खा सामना उभे राहून पाहतात. एकही चेंडू न खेळता शंभर वर्षं लक्षात राहिलेला दुसरा खेळाडू मला माहीत नाही.

सत्तर हजार हात

आयोवा विद्यापीठाच्या मैदानाला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. २०१७ पासून तिथे एक रीत पडली आहे. सामन्याचा पहिला पाव भाग संपला की मैदानातले सगळे, सुमारे सत्तर हजार माणसं, दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंचसुद्धा, रुग्णालयाकडे तोंड करून हात हलवतात. वर खिडकीत उभी आजारी मुलं हात हलवून उत्तर देतात. खेळातली सगळ्यात सुंदर प्रथा कोणती, असं मला विचाराल तर हीच. गुण नाहीत, करंडक नाही, एक मिनिट फक्त.

राष्ट्राध्यक्ष मध्ये पडले

१९०५ च्या एका हंगामात फुटबॉल खेळताना किमान १८ मुलं दगावली. खेळावर बंदी घाला, अशी ओरड सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि खेळ सुधारा म्हणून बजावलं. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. ढिगाऱ्यासारखे एकमेकांवर कोसळणारे गडी मैदानभर पांगले. त्याच वर्षी जी संघटना जन्मली, तीच पुढे एनसीएए झाली. आज कॉलेजचा खेळ चालवते ती. तिचा जन्म खेळाडूंचे जीव वाचवण्यासाठी झाला, हे तिने विसरू नये असं मला वाटतं.

एका शब्दाचा डाव

'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द किती सोज्वळ वाटतो! त्याचा जन्म मात्र वकिली कामातून झाला. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. कोर्टाने १९५७ मध्ये ती नाकारली. खेळाडू हे नोकर नसून विद्यार्थी आहेत, असं ठसवण्यासाठी एनसीएएने त्या काळात हा जोडशब्द रुजवला. वॉल्टर बायर्स त्या वेळी संघटनेचे प्रमुख होते. पुढे त्यांनीच आपल्या पुस्तकात या व्यवस्थेवर कडक टीका केली.

अखेर बांध फुटला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातीतून कमाई करता येऊ लागली. जून २०२५ मध्ये कोर्टाने एक मोठी तडजोड मंजूर केली. आता कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिवाय २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागच्या नुकसानीपोटी सुमारे २८० कोटी डॉलर टप्प्याटप्प्याने मिळायचे आहेत.

माझा कौल खेळाडूंच्या बाजूने. ज्यांच्या जिवावर लाखाची मैदानं भरतात, त्या पोरांच्या हातात पैसा आलाच पाहिजे. उशिरा आला, पण न्यायाने आला.

कोच जातो, पैसे घेऊन जातो

बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस ना राज्यपाल असतो, ना कुलगुरू. तो असतो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर या कोचला मुदतीआधी काढलं. करारानुसार त्याला द्यायची रक्कम सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर होती. त्या वेळच्या दराने सहाशे कोटी रुपयांच्या वर, आणि तेही काम न करण्याचे! खेळाडूला दिले तर शिक्षणाचं पावित्र्य जातं म्हणणाऱ्यांनी हे करार आधी वाचावेत.

भूगोलाचा पेपर

अमेरिकेतली कॉलेजं 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत खेळतात. पूर्वी हे गट शेजाऱ्यांचे असत. टीव्हीच्या करारांनी ते विस्कटले. 'बिग टेन' म्हणजे मोठे दहा. त्यात आता अठरा विद्यापीठं आहेत. 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये सोळा. 'अटलांटिक कोस्ट' या गटात २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, जी पॅसिफिक महासागराच्या बाजूला आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचा जुना 'पॅक-१२' गट त्या वर्षी दोन विद्यापीठांवर आला.

हसू येतं, पण प्रवास कुणाला करावा लागतो? लॉस एंजेलिसची व्हॉलीबॉलची पोरगी आता गटातल्याच सामन्यासाठी न्यू जर्सीला जाते. एका बाजूचे सुमारे चार हजार किलोमीटर, काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षा जास्त. परीक्षा तोंडावर असताना. शेजारच्या गावाशी असलेली खुन्नस हा कॉलेजच्या खेळाचा प्राण आहे. ओहायो स्टेटची मुलं मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात आवारातल्या पाट्यांवरच्या 'एम' या इंग्रजी अक्षरावर फुल्या मारून ठेवतात! ही मजा दूरच्या अनोळखी संघाशी कशी येणार? फुटबॉल हवा तिकडे न्या, पण बाकीचे खेळ शेजाऱ्यांतच राहू द्या.

तळातून थेट शिखरावर

इंडियाना विद्यापीठाची ओळख बास्केटबॉलची. फुटबॉलमध्ये मोठ्या गटांत सर्वाधिक पराभव अलीकडेपर्यंत कुणाच्या नावावर होते, तर इंडियानाच्या. २०२४ चा हंगाम सुरू होण्याआधी कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले. त्यांनी आधीच्या छोट्या विद्यापीठातले बरेच खेळाडू सोबत आणले. पुढच्या वर्षी बर्कलीहून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, आला आणि त्याने २०२५ चा हाइसमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा चषक पटकावला. जानेवारी २०२६ मध्ये मायामीला हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. सोळा सामने, सोळा विजय.

खेळाडूंनी कॉलेज बदलण्याची मुभा सैल झाल्यामुळे खेळ बिघडला, असं बरेच जण म्हणतात. दरवर्षी नवे चेहरे ओळखावे लागतात, हे खरं. पण याच मुभेने पिढ्यानपिढ्या मार खाणाऱ्या एका गावाला हा दिवस दाखवला. मी त्या रात्री दिवाळीसारखी जागी होते.

९२ वर सतरा शून्यं

मार्च महिन्यात कॉलेज बास्केटबॉलची बाद फेरी होते. ६८ संघ, हरला तो घरी. पहिल्या गुरुवारच्या आत सगळा देश मुख्य फेरीतल्या ६३ सामन्यांचे निकाल कागदावर लिहून पैजा लावतो. कार्यालयं, शाळा, कुठेही. नाणं उडवून सगळे निकाल बरोबर येण्याची शक्यता साधारण ९२ वर सतरा शून्यं एवढ्यात एक. सगळे ६३ निकाल बरोबर आल्याची खात्रीलायक नोंद आजवर नाही.

कारण पोरं काय करतील सांगता येत नाही. २०१८ मध्ये सोळावं मानांकन असलेल्या मेरीलँड-बाल्टिमोर काउंटीने पहिल्या मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असं धुतलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं. पाचच वर्षांत फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला हरवून ते पुन्हा करून दाखवलं. जगातली कुठलीही व्यावसायिक स्पर्धा मला एवढी थरारक वाटत नाही.

शेवटच्याला पहिला मान

आता रविवारकडे. आयपीएलच्या लिलावात ज्याची बोली मोठी त्याला मोठा खेळाडू. इथे उलटं: गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला कॉलेजातून येणारा खेळाडू आधी निवडायला मिळतो. याला ड्राफ्ट म्हणतात. १९३६ च्या पहिल्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिलं नाव निघालं जे बर्वांगर याचं. पगाराचं जमेना म्हणून तो एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. हाइसमन चषकाचा पहिला मानकरीही तोच.

उलट २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला मिशिगनचा टॉम ब्रॅडी सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकला. एनबीए या बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये तळाच्या संघांमध्ये सोडत निघते. २०२५ मध्ये १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसचं नाव पहिलं आलं आणि ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग त्यांना मिळाला. काही महिन्यांपूर्वीच लुका डॉन्चिचला दुसऱ्या संघाला देऊन टाकल्यामुळे तिथले चाहते दुःखात होते. मला ही पद्धत मनापासून पटते. दुबळ्याला उठायची संधी मिळाली तरच बलवानाच्या विजयाला अर्थ राहतो.

सहकारी तत्त्वावरचा संघ

एनएफएलच्या ३२ संघांपैकी ३१ धनाढ्यांचे. एक गावाचा: ग्रीन बे पॅकर्स. १९२३ पासून हा संघ भागधारकांच्या मालकीचा आहे. पाच लाखांहून अधिक भागधारक, लाभांश शून्य, शेअर नफ्यात विकता येत नाही. गाव जेमतेम एक लाखाचं, आणि हंगामी तिकिटाच्या प्रतीक्षा यादीत त्याहून जास्त नावं! सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या मला हा संघ आपलासा वाटला तर नवल नाही. प्रत्येक लीगमध्ये असा निदान एक संघ असावा.

निवृत्तीनंतरचा पगार

बॉबी बोनिया हा बेसबॉलपटू २००१ मध्ये निवृत्त झाला. तरी न्यूयॉर्क मेट्स हा संघ त्याला दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर देतो. २०११ ला सुरू झालेले हे हप्ते २०३५ पर्यंत चालतील. शोहेइ ओतानीचा लॉस एंजेलिस डॉजर्सशी झालेला करार त्याच वाटेवरचा, पण कितीतरी मोठा: दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी २०३४ पासून पुढे मिळणार. आज पैसे मोकळे राहिल्याने संघाला आणखी खेळाडू घेता आले. डॉजर्स २०२४ आणि २०२५ असे सलग दोनदा विजेते झाले. ओतानी सोनं आहे, पण बेसबॉलने खर्चाला पक्की मर्यादा घालायला हवी. नाहीतर छोट्या शहरांनी आशा कशावर ठेवायची?

सदतीस शब्द

१९७२ मध्ये अमेरिकेत सदतीस इंग्रजी शब्दांचं एक कलम झालं, 'टायटल नाइन'. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेदभाव चालणार नाही, एवढंच. त्याआधी शाळेच्या संघांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज त्या तीस लाखांहून अधिक आहेत. आयोवाच्या केटलिन क्लार्कने कॉलेज बास्केटबॉलमध्ये ३,९५१ गुण केले, पीट मॅराविचचा १९७० पासूनचा ३,६६७ गुणांचा विक्रम मोडून. २०२४ मध्ये मुलींचा अंतिम सामना टीव्हीवर मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. असं पहिल्यांदाच घडलं.

आपली माणसं

एनबीएच्या सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले. २०१३ मध्ये त्यांनी संघ घेतला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेव्हा त्यांचाच संघ मैदानात होता. पुढे २०२३ मध्ये या संघाने सोळा हंगामांचा दुष्काळ संपवून बाद फेरी गाठली.

आणि सौरभ नेत्रावळकर! मुंबईकडून रणजी खेळलेला हा डावखुरा गोलंदाज कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला आला आणि इंजिनिअर झाला. ६ जून २०२४ ला डॅलसजवळच्या मैदानात त्याने पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली आणि अमेरिकेला जिंकून दिलं. ते मैदान पूर्वी बेसबॉलचं होतं. अमेरिकेला क्रिकेट नवं आहे असं मात्र समजू नका. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला, अमेरिका विरुद्ध कॅनडा. पहिल्या कसोटीच्या तेहतीस वर्षं आधी.

एक विद्यापीठ, ३९ पदकं

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एकट्या स्टॅनफर्डशी नातं असलेल्या खेळाडूंनी ३९ पदकं मिळवली. आपल्या देशाची पदकं होती सहा. सेंट लुशिया या चिमुकल्या देशाला पहिलं ऑलिम्पिक पदक, तेही शंभर मीटरचं सुवर्ण, मिळवून देणारी ज्युलियन आल्फ्रेड टेक्सास विद्यापीठात घडली. आपला उंच उडीपटू तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटमध्ये शिकला आणि दोनदा कॉलेज विजेता ठरला. गोंधळ, कोर्टकचेऱ्या, कोटींचे करार या सगळ्याखाली या व्यवस्थेत एक पक्की गोष्ट आहे. इथे खेळाडूला पुस्तक आणि मैदान यांतलं एक निवडावं लागत नाही.

आपल्याकडे ही भावना नव्हती असं नाही. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. लाखाचं मैदान नव्हतं, टीव्ही नव्हता, पण एक कॉलेज आपल्या खेळाडूमागे घरदार घेऊन उभं होतं.

म्हणून वाचकहो, एक विनंती. तुमच्या गावातल्या कॉलेजचा कबड्डीचा, खो-खोचा किंवा व्हॉलीबॉलचा पुढचा सामना कधी आहे ते विचारा. घरातल्या मुलांना घेऊन जा आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबा. मैदानाच्या कडेला माणसं उभी राहिली की आतली पोरं आणखी जोराने खेळतात.